बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी कोणाच्या? स्वतःच्या की दात्याच्या?

सायली_खारघर
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला ल्युकेमिया होता. माझं एचएलए (दाता जुळतो का ते ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) त्याच्याशी पूर्ण जुळलं आणि मी दाता झाले. आता तो बरा आहे. काइमेरिझमचा रिपोर्ट '१०० टक्के डोनर' असा आलाय. म्हणजे त्याच्या रक्तातल्या पेशी तपासल्या तर त्यात माझा डीएनए मिळतो. त्याचा रक्तगटसुद्धा बदलून माझा झाला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. मेंदूतही रोगप्रतिकारक पेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात, एवढं वाचलं आहे. रक्तातल्या सगळ्या पांढऱ्या पेशी माझ्या झाल्या, तर मेंदूतल्या या पेशीही माझ्याच झाल्या का? डॉक्टरांना विचारलं, पण ओपीडीत पन्नास लोक ताटकळलेले. ते "मेंदूचं वेगळं असतं" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला. वेगळं म्हणजे नेमकं काय? मोठ्या माणसाच्या मेंदूत या पेशी कुठून येतात, किती वर्षं जगतात, मेल्या की जागा कोण घेतं? भाऊ रोज विचारतो, "ताई, माझ्या डोक्यात तू किती आहेस?" त्याला खरं उत्तर द्यायचं आहे.

गिरगावचा_बाळ्या
भाऊ बरा झाला हे वाचून फार बरं वाटलं. यंदाच्या राखीला ओवाळणी तगडी वसूल करा, हक्क आहे तुमचा :)

अनघा_वैद्य_नागपूर
सायली, भावाला आशीर्वाद सांग. मी पॅथॉलॉजीतून निवृत्त झाले आहे. आम्ही शिकलो तेव्हा शिकवायचे ते असं : अस्थिमज्जेत मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तयार होतात, रक्तातून निरनिराळ्या अवयवांत जातात आणि तिथे भक्षकपेशी बनतात. यकृतातल्या कुप्फर पेशी, फुफ्फुसातल्या भक्षकपेशी आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया, सगळ्या एकाच यादीत. १९७० च्या दशकात 'मोनोन्यूक्लियर फॅगोसाइट सिस्टिम' नावाने ही मांडणी रूढ झाली. त्या हिशेबाने मेंदूतल्या पेशीही हळूहळू दात्याच्याच व्हायला हव्यात. अलीकडे यात बदल झाल्याचं ऐकून आहे. कोणी या क्षेत्रात काम करणारं असेल तर त्याने लिहावं.

निशांत_जर्मनी
मी मायक्रोग्लियावरच पीएचडी करतोय. अनघाताई, ती यादी मायक्रोग्लियापुरती तरी आता टिकत नाही. जरा सविस्तर लिहितो.

या पेशींना नाव दिलं पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने, १९१९ साली. चांदीच्या क्षारांनी मेंदूचे पातळ काप रंगवायची स्वतःची पद्धत त्याने बसवली होती. त्यामुळे तोपर्यंत नीट न दिसणाऱ्या या बारीक पेशी प्रथमच स्पष्ट दिसल्या. त्या गर्भावस्थेत बाहेरून मेंदूत शिरत असाव्यात, असं त्याने तेव्हाच मांडलं होतं. पण बाहेरून म्हणजे कुठून, यावर पुढे जवळजवळ ९० वर्षं वाद चालला.

उत्तर २०१० मध्ये मिळालं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथे फ्लोरेंट जिनू, मिरियम मेराड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भातल्या पेशींवर ठरावीक दिवशी कायमची जनुकीय खूण केली आणि त्या पुढे कुठे जातात ते पाहिलं. मायक्रोग्लियांचा उगम निघाला योक सॅकमध्ये, म्हणजे गर्भाच्या बाहेर असलेल्या पिशवीत, गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीला. तिथल्या आदिम भक्षकपेशी मेंदूत जाऊन बसतात. माणसाच्या गर्भात हे चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून सुरू होतं. तेव्हा अस्थिमज्जा रक्त बनवायला लागलेलीसुद्धा नसते.

म्हणून सायली, तुझ्या भावाच्या मायक्रोग्लिया मुळात मज्जेतून आलेल्याच नाहीत. मज्जा बदलली म्हणून त्या आपोआप बदलत नाहीत.

सायली_खारघर
हे भारी आहे! पण मग एक कळत नाही. गर्भात गेलेल्या पेशी चाळीस वर्षांच्या माणसात अजून त्याच असतात का? मरत नाहीत?

निशांत_जर्मनी
मरतात. पण जवळची एखादी मायक्रोग्लिया विभागून तिची जागा भरते. बाहेरून भरती नाही.

याचा निर्णायक प्रयोग व्हँकुव्हरला, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या फाबियो रॉसी यांच्या गटाने केला, २००७ मध्ये. दोन उंदीर कुशीला कूस लावून शिवतात. काही दिवसांत त्यांचं रक्ताभिसरण एक होतं. एका उंदराच्या पेशी हिरव्या चमकणाऱ्या असतात. दुसऱ्याच्या रक्तात त्या भरपूर मिसळतात. मेंदूत मात्र हिरवी मायक्रोग्लिया सापडली नाही. चेहऱ्याची नस कापून मुद्दाम इजा केली, तेव्हा मेंदूच्या त्या भागात मायक्रोग्लिया वाढल्या, पण त्याही तिथल्याच पेशी विभागून.

त्याआधीच्या अनेक प्रयोगांत मज्जेतल्या पेशी मेंदूत जाताना दिसायच्या. कारण त्या प्रयोगांत उंदराच्या सबंध शरीराला किरणोत्सार देऊन मज्जा बदलायचे. किरणोत्साराने मेंदूचीही स्थिती बदलते. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने उंदराचं डोकं शिशाने झाकून किरणोत्सार दिला, तर पेशी आत जाईनात.

रेवा
उंदीर एकमेकांना शिवायचे? वाचूनच कसंतरी झालं. हे खरंच गरजेचं असतं का?

निशांत_जर्मनी
रेवा, वाटणारच. भूल देऊन, वेदनाशामक देऊन, नैतिक समितीच्या परवानगीनेच करावं लागतं. आता जनुकीय खुणा करता येत असल्याने हा प्रयोग कमी होतो. पण किरणोत्सार न देता रक्त बदलायचं, ही अट पुरी करणारा दुसरा मार्ग २००७ मध्ये जवळपास नव्हता. त्या एका प्रयोगाने तीस-चाळीस वर्षांचा घोळ निस्तरला.

मकरंद_डोंबिवली
उंदरांचं ठीक आहे. माणसात कसं कळणार? माणसाच्या पेशींवर तर कोणी खूण करत नाही.

कल्याणी_भौतिकी
मकरंद, खूण केली गेली आहे, तुमच्या-माझ्या सगळ्यांवर, आणि ती अणुबॉम्बने केली आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे ही गोष्ट मला फार आवडते.

१९५० च्या दशकात आणि १९६३ पर्यंत उघड्या हवेत अणुस्फोटांच्या चाचण्या झाल्या. त्यातून हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर अशा चाचण्या बऱ्याच थांबल्या आणि ते प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. हवेतून वनस्पतीत, वनस्पतीतून अन्नात, अन्नातून आपल्या शरीरात. पेशी विभागताना नवा डीएनए बनतो आणि त्यात त्या वर्षीच्या हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कोरलं जातं. पुढे तो डीएनए बदलत नाही. म्हणून डीएनएमधला कार्बन-१४ मोजला की पेशी साधारण कधी जन्मली ते सांगता येतं.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने मृत व्यक्तींच्या मेंदूतून मायक्रोग्लिया वेगळ्या काढून हे मोजलं आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. माणसाच्या मायक्रोग्लियाचं सरासरी वय निघालं ४.२ वर्षं. दर वर्षी सुमारे २८ टक्के पेशी नव्या होतात. पण सगळ्या एका चालीने नाही. काही पेशी २० वर्षांहूनही जुन्या. याच गटाने याच पद्धतीने आधी दाखवलं होतं की मेंदूच्या बाह्यस्तरातल्या चेतापेशी (न्यूरॉन) जवळजवळ माणसाच्या जन्माइतक्याच जुन्या असतात. एकाच मेंदूत एक शेजारी जन्मापासूनचा आणि दुसरा चार वर्षांचा.

मकरंद_डोंबिवली
अणुचाचण्यांचा हा उपयोग माहीतच नव्हता. कल्याणी, धन्यवाद, उद्या डब्याच्या वेळी ऑफिसात हेच सांगणार.

शंतनू_जीवशास्त्र
एक हरकत. २०१७ मध्येच उंदरांवर दोन निष्कर्ष आले आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. साउदॅम्प्टनच्या दिएगो गोमेझ-निकोला यांच्या गटाने म्हटलं की मायक्रोग्लिया भराभर मरतात आणि विभागतात, उंदराच्या आयुष्यात अख्खी लोकसंख्या अनेकदा बदलते. दुसऱ्या गटाने जिवंत उंदराच्या कवटीत खिडकी बसवून त्याच त्या पेशी महिनोन्महिने पाहिल्या. बाह्यस्तरातल्या निम्म्या मायक्रोग्लिया उंदराच्या जवळपास आयुष्यभर टिकतात असं त्यांचं म्हणणं. मग '४.२ वर्षं' हा आकडा इतक्या ठामपणे कसा सांगायचा?

निशांत_जर्मनी
शंतनू, मुद्दा बरोबर आहे. पण ४.२ हा माणसाचा आकडा आहे आणि तो सरासरी आहे. २८ टक्क्यांत आणि '२० वर्षांहून जुन्या'त तो फरक सामावलेलाच आहे. उंदरांच्या दोन प्रयोगांतला फरक मला बराचसा पद्धतीतला वाटतो. एकाने विभागणाऱ्या पेशी मोजून वेग काढला, दुसऱ्याने मोजक्या पेशींवर नजर ठेवली. शिवाय मेंदूच्या भागानुसार वेग वेगळा असतो. फ्रायबुर्गच्या मार्को प्रिन्झ यांच्या गटाने त्याच वर्षी पेशींना वेगवेगळे रंग देऊन पाहिलं. वास ओळखणाऱ्या घ्राणकंदात पेशी लवकर बदलतात, बाह्यस्तरात फार सावकाश. आणखी एक दिसलं : इजा झाली की थोड्या पेशी विभागून त्यांची पिल्लावळ एकगठ्ठा वाढते, आणि इजा भरली की जादा पेशी कमी होऊन संख्या पुन्हा पहिल्यासारखी होते.

माझ्या मते या सगळ्यात खरी थक्क करणारी गोष्ट वय नाही, संख्या आहे. मरणं आणि विभागणं इतकं जुळलेलं की प्रौढ मेंदूत मायक्रोग्लियांची दाटी जवळजवळ स्थिर राहते.

पूर्वा_स्लाइडवाली
निशांत म्हणतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी लॅबमध्ये उंदराच्या मेंदूचे काप रंगवायचे. निरोगी मेंदूत मायक्रोग्लिया बघायला फार सुंदर. लहानसं लांबट शरीर, त्यातून निघालेल्या बारीक काटेरी शाखा, आणि दोन पेशींत अंतर असं राखलेलं की एकीच्या शाखा दुसरीच्या हद्दीत जवळपास जातच नाहीत. संपूर्ण काप फिरवून पाहिला तरी कुठे गर्दी नाही, कुठे मोकळं नाही.

मग औषध दिलेल्या उंदराचा काप. या पेशींना जगायला सीएसएफ१आर नावाच्या ग्राहीतून (पेशीवरच्या रिसेप्टरमधून) सतत संदेश लागतो. तो संदेश देणारा एक रेणू, आयएल-३४, खुद्द चेतापेशीच तयार करतात. ती ग्राही बंद करणारं औषध उंदराच्या खाण्यात मिसळायचं. काही आठवड्यांनी काप पाहिला तर मायक्रोग्लिया जवळपास नाहीतच. शोधून शोधून एखाददुसरी. उंदीर मात्र पिंजऱ्यात खातोय, हिंडतोय. औषध थांबवलं की काही दिवसांत पेशी परत दिसू लागतात : आधी गोलसर, जाड आखूड शाखांच्या, घोळक्याने, मग पसरतात, शाखा बारीक होतात. आठवड्या-दोन आठवड्यांत संख्या पूर्ववत.

शंतनू_जीवशास्त्र
हाच तो २०१४ चा कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनचा प्रयोग, किम ग्रीन यांच्या गटाचा. पण त्यांनी तर म्हटलं होतं की नव्या पेशी मेंदूत दडलेल्या कुठल्यातरी पूर्वजपेशींपासून येतात.

पूर्वा_स्लाइडवाली
हो, आणि त्यावर बरीच चर्चा झाली. २०१८ मध्ये चीनमधल्या बो पेंग यांच्या गटाने खुणा करून तपासलं. परत आलेल्या सगळ्या पेशी त्या वाचलेल्या 'एखाददुसऱ्या'च्याच वंशज निघाल्या. वेगळी पूर्वजपेशी नाही, रक्तातूनही नाही. एक टक्का उरल्या तरी त्या पुरतात.

गिरगावचा_बाळ्या
म्हणजे आमच्या चाळीसारखंच की. घरातलीच पोरं मोठी होऊन शेजारच्या खोलीत राहायला जातात. बाहेरचा भाडेकरू यायचा तर आधी खोली रिकामी पाहिजे आणि घरात ती घेणारं कोणी नको.

निशांत_जर्मनी
बाळ्या, अगदी हेच. दोन्ही अटी लागतात. हे लक्षात ठेवा, सायलीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

हर्षदा_कोथरूड
जरा विषयांतर. मेंदूची प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या म्हणून गोळ्या, चूर्णं मिळतात. सासूबाईंना विसरायला होतंय म्हणून कोणीतरी सुचवलं. त्यांनी मायक्रोग्लिया वाढतात का?

अनघा_वैद्य_नागपूर
हर्षदा, मायक्रोग्लिया वाढणं ही चांगली बातमी असेलच असं नाही. उतारवयात आणि अल्झायमरमध्ये त्या बरेचदा चिडलेल्या अवस्थेत असतात आणि दाह वाढवतात. दुसरीकडे त्या नीट काम करत नसतील तरी नुकसान. टीआरईएम२ हे जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियातच काम करतं. त्यातला एक दुर्मिळ बदल असेल तर अल्झायमरचा धोका बऱ्यापैकी वाढतो, हे २०१३ मध्ये कळलं. म्हणून 'वाढवा' किंवा 'कमी करा' इतकं सरळ गणित इथे नाही. चूर्ण बाजूला ठेव. सासूबाईंना न्यूरॉलॉजिस्टकडे ने, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घे. विसरभोळेपणाची बरी होणारी कारणं त्यात निघतात.

हर्षदा_कोथरूड
ताई, याच आठवड्यात नेते.

सायली_खारघर
सगळं दोनदा वाचलं. मग उत्तर 'शून्य' असं समजू का? भावाच्या मेंदूत मी नाहीच?

अनघा_वैद्य_नागपूर
थांब. ट्रान्सप्लांटच्या आधी कंडिशनिंगला, म्हणजे जुनी मज्जा काढून जागा करायला, कोणतं औषध दिलं होतं, आठवतं का?

सायली_खारघर
बुसल्फान आणि फ्लुडाराबिन. बुसल्फान सुरू करायच्या आदल्या दिवसापासून फिट येऊ नये म्हणून गोळी चालू केली होती. त्याला कधीच फिट आली नव्हती, म्हणून मी नर्सला दोनदा विचारलं होतं की ही त्याचीच गोळी ना.

निशांत_जर्मनी
अनघाताईंनी नेमकं विचारलं! ती फिटची गोळी म्हणजेच उत्तराची सुरुवात आहे. बहुतेक औषधं रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा ओलांडत नाहीत. बुसल्फान ओलांडतं, म्हणूनच फिट येण्याची भीती असते. आणि आत गेलं की ते मायक्रोग्लियांची विभागण्याची ताकद खच्ची करतं. पेशी मरत जातात, घरची पोरं खोली घ्यायला उरत नाहीत. तेव्हा मज्जेतून आलेल्या पेशींना जागा मिळते. उंदरांत हे स्पष्ट दिसलं आहे.

माणसांतही पुरावा आहे. पुरुष दात्याची मज्जा घेतलेल्या काही स्त्रियांच्या मेंदूत मृत्यूनंतर वाय गुणसूत्र असलेल्या पेशी शोधल्या गेल्या आणि सापडल्या, त्यांत मायक्रोग्लियासारख्या पेशीही होत्या. प्रमाण थोडं होतं. सायलीच्या बाबतीत दाता बहीण, म्हणून शोधायचं झालं तर भावाच्या मेंदूत दोन एक्स असलेल्या पेशी शोधाव्या लागतील. जिवंत माणसात ते कोणी करणार नाही. त्यामुळे 'किती' याचा आकडा कोणी देऊ शकत नाही. पण 'शून्य नाही, आणि सगळंही नाही' हे उत्तर बऱ्यापैकी खात्रीचं आहे.

शिवाय मेंदूच्या आवरणांतल्या भक्षकपेशी हा वेगळा गट आहे. त्यातल्या काहींची भरती मज्जेतून होतच असते. कवटीच्या हाडातल्या मज्जेतून बारीक वाटांनी पेशी थेट आवरणात उतरतात, हेही गेल्या काही वर्षांत उंदरांत दिसलं आहे. आणि भावाच्या कवटीतली मज्जा आता तुझीच आहे.

सायली_खारघर
हे वाचून रडायला आलं. आता भाऊ म्हणेल, तरीच मला हल्ली भेंडी आवडत नाही! आवडीनिवडी, आठवणी यावर काही फरक पडतो का?

कल्याणी_भौतिकी
आठवणी चेतापेशींच्या जोडण्यांत असतात आणि चेतापेशी त्याच्याच आहेत. भेंडीचा आरोप तुमच्यावर येत नाही :)

निशांत_जर्मनी
कल्याणीताईंशी सहमत. मायक्रोग्लिया वाढत्या वयात नको असलेल्या जोडण्या छाटतात हे खरं, पण बहिणीची आवड भावाकडे जाईल असं काही त्यात नाही. एक मात्र सांगायला हवं : मज्जेतून आलेल्या पेशी दिसायला, वागायला मायक्रोग्लियासारख्या होतात, तरी त्यांची जनुकं तंतोतंत तशी चालत नाहीत. उंदरात वर्षभरानेही फरक ओळखू येतो.

मकरंद_डोंबिवली
मग या बदललेल्या पेशींचा कोणाला उपयोग? की नुसता योगायोग?

अनघा_वैद्य_नागपूर
उपयोग मोठा आहे. अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी हा मुलांच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाचा आजार लवकर पकडला, तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटने थांबवता येतो. दात्याच्या पेशी मेंदूत जाऊन बिघडलेलं काम करू लागतात, हेच त्याचं कारण मानतात. २००९ मध्ये फ्रान्समध्ये मुलांच्या स्वतःच्याच मज्जापेशींत जनुक दुरुस्त करून त्या परत दिल्या, तेव्हाही आजार थांबला. सायली, तू खारघरची म्हणून सांगते : भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलला झालं. तेव्हा लक्ष फक्त रक्ताकडे होतं.

पूर्वा_स्लाइडवाली
अनघाताई, यात एक भर. सीएसएफ१आर याच जनुकात दोष असलेला एक आजार आहे, एएलएसपी. ऐन चाळिशीत विसर, चालण्यात अडथळा, स्वभावबदल, आणि बरेचदा चुकून दुसरंच निदान होतं. मायक्रोग्लिया टिकवणारी ग्राहीच सदोष, त्यामुळे दात्याच्या पेशींना जागा सहज मिळते. बो पेंग यांच्याच गटाने २०२५ मध्ये उंदीर आणि मोजके रुग्ण, दोन्हींत ट्रान्सप्लांटनंतर आजाराची वाटचाल थांबल्याचं दाखवलं. रुग्ण थोडे आहेत, पण मला हे फार मोठं वाटतं. मायक्रोग्लिया बदलून मेंदूचा आजार रोखायचा, हे आम्ही काप रंगवताना नुसतं बोलायचो.

रेवा
मग पार्किन्सन्स, अल्झायमरला हेच का करत नाहीत?

अनघा_वैद्य_नागपूर
कारण बुसल्फानसारखं कंडिशनिंग पंचाहत्तरीच्या माणसाला झेपत नाही. संसर्ग, तोंडातले व्रण, दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेला हल्ला, या सगळ्यातून सायलीचा भाऊ कसा गेला ते तिला विचार. आजार जिवावरचा असेल तरच हा मार्ग. फक्त मेंदूत जागा करणारी सौम्य पद्धत मिळाली तर बोलू.

निशांत_जर्मनी
त्यावर काम सुरू आहे. एक कल्पना अशी की दात्याच्या पेशींतली सीएसएफ१आर ग्राही थोडी बदलायची, म्हणजे ती बंद करणाऱ्या औषधाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. मग तेच औषध दिलं की जुन्या पेशी जातात आणि नव्या टिकतात. उंदरात हे जमतं. माणसासाठी या गटातलं एक औषध, पेक्सिडार्टिनिब, २०१९ मध्ये अमेरिकेत सांध्यातल्या एका गाठीसाठी मंजूर झालं, पण यकृताला गंभीर इजा होऊ शकते म्हणून कडक इशाऱ्यासह. तेव्हा इतक्यात नाही.

मकरंद_डोंबिवली
शेवटचा प्रश्न. पाठीच्या कण्यातही हेच नियम का?

निशांत_जर्मनी
मज्जारज्जूत मायक्रोग्लियाच असतात, उगमही तोच. डोळ्याच्या पडद्यातही त्याच. मज्जारज्जूला दाह झाला की रक्तातले मोनोसाइट आत येतात, पण रॉसी यांच्याच गटाने २०११ मध्ये शिवलेल्या उंदरांत दाखवलं की दाह ओसरला की ते नाहीसे होतात, कायमच्या मायक्रोग्लिया होऊन राहत नाहीत.